त्सुरेकी : ग्रीक ईस्टरची तिपेडी गोड वेणी

ग्रीसमध्ये ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी घराघरांतून दोन कामे चालतात. एका पातेल्यात अंडी लाल रंगात उकळत असतात आणि ओट्यावर अंडी, लोणी, साखर घातलेले मऊ पीठ फुगत असते. संध्याकाळपर्यंत त्या पिठाच्या तीन पेडांच्या वेण्या भट्टीतून बाहेर पडतात आणि घरभर एक वास पसरतो, बदामासारखा, चेरीसारखा, किंचित धुपासारखा. या गोड पावाचे नाव त्सुरेकी. तो भाजणाऱ्या गृहिणीला त्याची चव मात्र घेता येत नाही. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेतील मोठा उपवास अजून संपलेला नसतो. या उपवासात मांस, अंडी, दूध, लोणी, चीज हे सारे वर्ज्य असते. मासेदेखील दोन ठरावीक दिवस सोडल्यास चालत नाहीत. पवित्र आठवडा धरून हा काळ सुमारे सात आठवड्यांचा होतो. सात आठवडे ज्या पदार्थांना हात लावलेला नाही, तेच सगळे एका परातीत घालून मळायचे, भाजायचे आणि शनिवारच्या मध्यरात्रीपर्यंत फडक्याखाली झाकून ठेवायचे, असा हा पाव आहे. साखर पुरेशी पडली की नाही, मसाला कमी-अधिक झाला की काय, हे केवळ वासावरून ठरवावे लागते. म्हणूनच जुन्या घरांतून मापे पिढ्यान् पिढ्या बदलत नाहीत.

शनिवारी मध्यरात्री चर्चमधील दिवे मालवले जातात, एका ज्योतीवरून मेणबत्त्या पेटत जातात, 'ख्रिस्तोस आनेस्ती', म्हणजे ख्रिस्त उठला, हा घोष होतो आणि माणसे पेटती मेणबत्ती सांभाळत घरी परततात. मग कोकराच्या आतड्या-काळजाचे 'मागिरित्सा' नावाचे सूप, लाल अंडी आणि त्सुरेकी यांनी उपवास सुटतो. अंडी एकमेकांवर आपटून ज्याचे अंडे शेवटपर्यंत फुटत नाही त्याचे वर्ष चांगले जाणार, असा खेळ रंगतो. त्सुरेकीचा खरा मान मात्र रविवारच्या सकाळी, दुधाबरोबर किंवा कॉफीबरोबर. शेजारी-नातलगांकडे न्यायलाही हाच पाव. गोव्यात नाताळच्या कुस्वाराचे ताट जसे घरोघर फिरते, तशा ग्रीसमध्ये ईस्टरला या वेण्या फिरतात.

ऑर्थोडॉक्स ईस्टर आणि गोव्यातील ईस्टर हे बहुतेक वर्षी वेगवेगळ्या दिवशी येतात. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा पहिला रविवार हा नियम दोघांचा एकच; पण पूर्वेकडील चर्चेस तो जुन्या ज्युलियन पंचांगाने मोजतात. हे पंचांग आजच्या रूढ पंचांगाच्या १३ दिवस मागे आहे. त्यामुळे २०२४ साली पश्चिमेचा ईस्टर ३१ मार्चला होता, तर ग्रीसचा ५ मे रोजी. २०२५ साली दोन्ही २० एप्रिललाच आले. २०२६ साली ५ आणि १२ एप्रिल असे एका आठवड्याचे अंतर आहे.

नाव आणि कूळ

त्सुरेकी हा शब्द ग्रीक नाही. तुर्की भाषेत गोल किंवा वळवलेल्या पावाला 'चोरेक' म्हणतात, त्याचेच हे ग्रीक रूप. आर्मेनियन लोक जवळजवळ याच पावाला 'चोरेग' म्हणतात. ग्रीक खेड्यांतून जुने नाव वेगळे होते : 'लाम्ब्रोप्सोमो'. 'लाम्ब्री' म्हणजे तेजस्वी, प्रकाशमान; ईस्टरच्या रविवाराचे हे लोकभाषेतील नाव. 'प्सोमी' म्हणजे पाव. हा गावठी पाव बहुधा गोल, त्यावर पिठाचीच नक्षी आणि मध्ये लाल अंडे असा असे. साखर-लोण्याची श्रीमंती त्यात बेताची असे. नाताळचा तसाच पाव 'ख्रिस्तोप्सोमो', आणि १ जानेवारीला संत बासिलच्या नावाने कापली जाणारी, आत नाणे लपवलेली 'वासिलोपिता'. काही घरांत ही वासिलोपिताही त्सुरेकीच्याच पिठाची करतात. नाणे ज्याच्या वाट्याला येईल त्याचे वर्ष भाग्याचे.

आज ज्याला त्सुरेकी म्हणतात, तो भरपूर लोण्याचा, महलब आणि मस्तकीच्या वासाचा, तंतू सुटणारा पाव. त्याचे माहेर कॉन्स्टँटिनोपल आणि आशिया मायनरचा किनारा. ग्रीक माणूस आजही कॉन्स्टँटिनोपलला नुसते 'पोली', म्हणजे 'शहर', म्हणतो. चांगल्या त्सुरेकीचे कौतुक 'पोलीतिको', म्हणजे 'शहराकडचा', याच शब्दाने होते. या कौतुकामागे एक दुखरा इतिहास आहे. १९२२ मध्ये ग्रीक सैन्याचा आशिया मायनरमध्ये पराभव झाला, स्मिर्ना शहर जळाले आणि १९२३ साली लोझान येथे लोकसंख्येच्या सक्तीच्या अदलाबदलीचा करार झाला. सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती माणसे आपली गावे सोडून ग्रीसमध्ये आली; सुमारे चार लाख मुसलमान ग्रीसमधून तुर्कस्तानात गेले. येणाऱ्यांतील बहुतेकांजवळ सामान फारसे नव्हते. मसाल्यांची सवय, पिठाचा हात आणि सणांचे पदार्थ मात्र त्यांच्याबरोबर आले. थेस्सलोनिकी, अथेन्स, पिरेअस येथील निर्वासितांच्या वस्त्यांतून हे स्वयंपाकघर हळूहळू साऱ्या देशाचे झाले. ज्यांना आरंभी परके म्हणून हिणवले गेले, त्यांचा पाव पुढे राष्ट्रीय सणाचा पाव ठरला.

इस्तंबूल शहरातील ग्रीक मंडळींना त्या अदलाबदलीतून वगळले होते. परंतु सप्टेंबर १९५५ मधील दंगलीत त्यांची दुकाने, घरे, चर्चेस उद्ध्वस्त झाली आणि १९६४ साली ग्रीक नागरिकत्व असलेल्या हजारो रहिवाशांना देश सोडावा लागला. एकेकाळी लाखाच्या घरात असलेला हा समाज आता काही हजारांवर आला आहे. पाव मात्र शहरातच राहिला. इस्तंबूलच्या बेकऱ्यांतून 'पास्काल्या चोरेइ', म्हणजे ईस्टरचा चोरेक, आज वर्षभर विकला जातो आणि तो घेणारी बहुसंख्य गिऱ्हाइके मुसलमान असतात. त्याच्या नावातला सण अनेकांच्या लक्षातही येत नसेल.

वेणीदार गोड पाव ही काही एकट्या ग्रीसची मिरास नव्हे. बल्गेरियात 'कोझुनाक', चेक प्रदेशात नाताळची नऊ पेडांची 'वानोच्का', फिनलंडमध्ये वेलचीची 'पुल्ला', ज्यू घरांत शब्बाथची 'हाला' अशी ही मोठी गोत्रावळ आहे. पोर्तुगालमधील ईस्टरच्या 'फोलार' या पावात तर त्सुरेकीसारखेच सालीसकट अखंड अंडे भाजले जाते. ज्या देशाकडून गोव्याने पाव घेतला त्या देशाचीच ही रीत.

दोन सुगंध

त्सुरेकी इतर गोड पावांपासून वेगळी होते ती दोन जिनसांमुळे. पहिला महलब. पश्चिम आशिया व दक्षिण युरोपात वाढणाऱ्या एका रानटी चेरीच्या बीचा हा आतला गर. फळे जेमतेम वाटाण्याएवढी आणि कडू. बी फोडून आतला तांबूस-पांढरा दाणा वाळवतात. दाणा तसाच चावला तर कडवट लागतो, पण दळून गोड पिठात पडला की कडू बदाम आणि चेरी यांच्या मधला एक सुगंध देतो. दाण्यात तेल असल्याने दळलेला महलब लवकर खवट होतो. म्हणून अख्खे दाणे घेऊन आयत्या वेळी चमचाभर साखरेबरोबर कुटणे चांगले.

दुसरी जिन्नस मस्तकी, आणि हिची कथा सविस्तर सांगण्याजोगी आहे. युनानी औषधांच्या दुकानांतून 'मस्तगी रूमी' किंवा 'रूमी मस्तकी' या नावाने मिळणारे फिकट पिवळे, काचेसारखे खडे ते हेच. हैदराबादसारख्या शहरांत ज्यांचा हकिमांशी संबंध आला त्यांना ते परिचित असतील. हा पिस्त्याच्या कुळातील एका झुडपाचा डिंक. झुडूप भूमध्य समुद्राभोवती पुष्कळ ठिकाणी वाढते, पण खाण्याजोगी, व्यापारात मान असलेली मस्तकी येते ती एजियन समुद्रातील खिओस बेटाच्या दक्षिण भागातून. पिरगी, मेस्ता, ओलिंपी यांसारखी तिथली गावे 'मस्तकीची गावे' म्हणूनच ओळखली जातात. उन्हाळ्यात झाडाखालची जमीन झाडून सपाट करतात, तिच्यावर पांढरी चुनखडीची भुकटी पसरतात आणि मग खोडाला बारीक खाचा देतात. पाझरलेला डिंक थेंबाथेंबाने भुकटीवर पडतो आणि दोन-तीन आठवड्यांत घट्ट होतो. तो वेचायचा, धुवायचा आणि मग हिवाळाभर गावातील बायकांनी बसून सुरीच्या टोकाने एकेक खडा साफ करायचा. एका झाडापासून वर्षाला सरासरी दीडशे-दोनशे ग्रॅमच मस्तकी मिळते.

या थेंबांसाठी राज्ये झगडली आहेत. १३४६ पासून १५६६ पर्यंत बेट जिनोआच्या व्यापाऱ्यांच्या ताब्यात होते आणि मस्तकीचा व्यापार हा त्यांचा एकाधिकार होता. गावांची तटबंदी, भिंतीला भिंत लागून असलेली घरे, अरुंद गल्ल्या या त्या काळातल्या. नंतर उस्मानी सुलतानांचा अंमल आला. १८२२ साली ग्रीक उठावाच्या काळात बेटावर भीषण कत्तल झाली, तेव्हा मस्तकीची गावे तुलनेने वाचली, कारण दरबाराला त्यांचा डिंक हवा होता. १९३८ मध्ये उत्पादकांचा सहकारी संघ स्थापन झाला. १९९७ साली युरोपीय संघाने खिओसच्या मस्तकीला तिच्या उगमस्थानाचे संरक्षण दिले आणि २०१४ साली युनेस्कोने ती पिकवण्याच्या ज्ञानाची मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. पण कागदावरचे संरक्षण आगीपुढे चालत नाही. ऑगस्ट २०१२ मधील वणव्यात दक्षिण खिओसच्या मस्तकीच्या बागा मोठ्या प्रमाणावर जळाल्या. नवे झाड लावले तर पहिला डिंक मिळायला पाच-सहा वर्षे लागतात आणि भरात यायला त्याहून कितीतरी अधिक. म्हातारा शेतकरी जळालेल्या बागेत पुन्हा रोप लावतो ते बहुधा नातवासाठी.

मस्तकी वापरताना हात आखडता हवा. अर्ध्या किलो पिठाला चण्याएवढे दोन-तीन खडे पुरे. जास्त झाली तर पाव कडू आणि औषधी लागतो. ती उबेने चिकट होते, म्हणून खडे तासभर फ्रीजरमध्ये ठेवून, चमचाभर साखर घालून खलबत्त्यात कुटावेत. नुसती कुटली तर ती बत्त्याला गोंदासारखी धरून बसते.

तिसरा मसाला वेलची. 'शहराकडच्या' त्सुरेकीत ती हमखास असते आणि तिथले तिचे नाव 'काकूले' हे तुर्कीतून आलेले. वेलचीचे मूळ घर सह्याद्रीच्या दक्षिणेकडील रांगा. म्हणजे इस्तंबूलच्या या पावात पश्चिम घाटाचाही वाटा आहे. महलब आणि मस्तकी भारतात सहज हाती लागत नसतील तर नुसती वेलची आणि संत्र्याची किसलेली साल घालून केलेली वेणी उत्तम होते. मात्र बदामाचा कृत्रिम अर्क ओतून महलबची नक्कल करू नये. तो वास भट्टीतून काढल्यावरही वर तरंगत राहतो आणि पाव साबणासारखा वाटू लागतो.

पीठ : घाई चालत नाही ती जागा

ग्रीक गृहिणी त्सुरेकीची परीक्षा तिचा तुकडा कापून नव्हे, तर हाताने ओढून करते. चांगल्या पावाचा तुकडा लांबट धाग्यांनी सुटतो, शिजलेल्या कोंबडीच्या मांसासारखा. केकसारखा भुसभुशीत तुटला तर पाव फसला असे समजतात. हे धागे ग्लुटेनचे. गव्हाच्या पिठातील प्रथिने पाणी पिऊन, मळण्याने एकमेकांत गुंफली जातात आणि त्यांचे ताणणारे जाळे तयार होते. अडचण अशी, की त्सुरेकीला चव देणाऱ्या सगळ्याच जिनसा या जाळ्याच्या शत्रू आहेत. लोणी प्रथिनांवर थर धरते व त्यांना एकमेकांशी जुळू देत नाही. साखर पाणी ओढून घेते. मग प्रथिनांनाही ते पुरत नाही आणि यीस्टच्या पेशीही सुकतात. पिठाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक साखर झाली की यीस्टचा वेग पडू लागतो. इथे तर ती पिठाच्या चतुर्थांशाहून जास्त आहे. म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी पीठ मळून जाळे तयार करायचे, मग साखर थोडी-थोडी, आणि लोणी सर्वांत शेवटी. सगळे एकदम परातीत लोटून मळणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक.

दोन मध्यम वेण्यांसाठी पुढील माप चालते. मैदा ५०० ग्रॅम, कोमट दूध १२५ मिलिलिटर, तीन अंडी, साखर १३० ग्रॅम, मीठ नसलेले लोणी १०० ग्रॅम, कोरडे इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, एका संत्र्याची किसलेली साल, कुटलेला महलब एक चहाचा चमचा, वर सांगितल्याप्रमाणे मस्तकी आणि अर्धा चमचा वेलचीपूड. वरून लावायला एक पिवळा बलक, चमचाभर दूध आणि तीळ किंवा बदामाचे काप. त्सुरेकीला १२ ते १३ टक्के प्रथिनांचे, पावासाठीचे पीठ लागते. बाजारातला साधा मैदा त्याहून दुबळा असतो. खास पीठ मिळत नसेल तर बेकिंगच्या दुकानात मिळणारी ग्लुटेनची पूड अर्ध्या किलोला १५ ग्रॅम या प्रमाणात मिसळावी.

प्रथम शंभर ग्रॅम मैदा, शंभर मिलिलिटर दूध, चमचाभर साखर आणि सगळे यीस्ट कालवून अर्धा-पाऊण तास झाकून ठेवावे. ते बुडबुड्यांनी वर आले म्हणजे यीस्ट जिवंत आहे याची खात्री पटते. आले नाही तर तिथेच थांबावे, पुढची अंडी-लोणी वाया घालवू नयेत. दूध बोटाला उबदार लागेल इतकेच तापलेले हवे. ५५-६० अंशांपुढे यीस्ट मरते. मग त्यात उरलेला मैदा, अंडी, उरलेले दूध, मीठ आणि निम्मी साखर घालून मळायला घ्यावे. दहा मिनिटांनी उरलेली साखर आणि मसाले दोन-तीन हप्त्यांत घालावेत. साखर विरघळताना पीठ सैल पडते आणि घाबरायला होते. या क्षणी वरून मैदा भुरभुरण्याचा मोह आवरणे हेच अर्धे कौशल्य आहे. जास्तीचा मैदा पडला की पाव दुसऱ्या दिवशीच कोरडा होतो. नंतर मऊ, पण वितळलेले नव्हे, असे लोणी लहान-लहान तुकड्यांनी जिरवावे. यंत्राने एकूण वीस-पंचवीस मिनिटे, हाताने तिंबल्यास त्याहून बरेच अधिक. पिठाचा लिंबाएवढा गोळा दोन्ही हातांच्या बोटांनी ताणला असता न फाटता पातळ पडद्यासारखा होऊन त्यातून उजेड दिसला, की मळणे पुरे झाले.

ग्रीसमध्ये कारखान्यातील यीस्ट येण्यापूर्वी हा पाव 'प्रोझिमी' या घरगुती खमिरावर होत असे. पुष्कळ घरांतून हे खमीर १४ सप्टेंबरच्या क्रूसाच्या सणाला, चर्चमधून आणलेल्या बासिलच्या काडीने नव्याने धरत. बासिल ही तुळशीच्याच कुळातली वनस्पती. गोव्यातील पोदेरही पूर्वी माडाच्या सुरेवर पीठ फुगवीत आणि आता तिथेही बहुतांशी विकतचे यीस्टच आले आहे. सुरेवर त्सुरेकी करून पाहायला हरकत काही नाही, पण एवढी साखर आणि लोणी उचलायला सुरेतील यीस्टला फार वेळ लागेल आणि आंबटपणा वर येईल. साध्या पावाला जी चव शोभते ती इथे शोभेलच असे नाही.

एप्रिलच्या उकाड्यात

ग्रीसमध्ये ईस्टर म्हणजे वसंतातली थंड हवा. तिथल्या पाककृती पीठ उबदार जागी, पांघरुणात गुंडाळून ठेवायला सांगतात. गोव्याच्या एप्रिलमध्ये हीच सूचना पावाचा घात करते. स्वयंपाकघरात ३३-३४ अंश असताना लोणी पिठातून तेलासारखे सुटते, वेणीचे पेड एकमेकांवरून घसरतात, आणि यीस्ट भराभर फुगून चव येण्याआधीच थकते. म्हणून इथे पहिले थोडे यीस्टचे मिश्रण सोडले तर अंडी आणि उरलेले दूध फ्रीजमधले थंड घ्यावे. यंत्राने मळताना पीठही तापते. हाताला गरम लागू लागले तर पंधरा मिनिटे फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा मळावे. मळलेले पीठ तासभर बाहेर, फुगू लागेपर्यंत ठेवून मग झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ढकलावे. आठ ते बारा तासांच्या या थंड मुक्कामाने दोन गोष्टी साधतात. वास मुरतो, आणि लोणी घट्ट झाल्याने सकाळी वेणी घालणे सोपे जाते.

सकाळी थंड पिठाचे दोन भाग, प्रत्येक भागाचे वजन करून तीन गोळे करावेत. अंदाजाने केलेल्या पेडांत एक जाड, एक बारीक राहतो आणि वेणी भट्टीत एका अंगाला वळते. ओट्यावर पीठ भुरभुरू नये, पेड वळायला थोडी चिकट पकड लागते. प्रत्येक गोळ्याची चाळीस सेंटिमीटरची सुरळी वळावी, मध्ये जाड, टोकांना निमुळती. सुरळी मागे आखडू लागली तर तिला दहा मिनिटे विसावा द्यावा. ओढाताण केली तर धागे तुटतात. मग तिन्ही पेड शेजारी ठेवून मधून सुरुवात करीत एकेका टोकाकडे सैल वेणी घालावी. केसांची वेणी घट्ट शोभते, पावाची नाही. घट्ट गुंफली तर फुगताना तिला जागा मिळत नाही आणि भट्टीत ती कुशीला फाटते. टोके दुमडून खाली दाबावीत. तीन पेड म्हणजे ख्रिस्ती त्रैक्य, असा अर्थ सांगितला जातो.

अंडे घालायचे असेल तर ते आधीच उकडून रंगवलेले असावे. ग्रीसमध्ये आता बहुधा तयार रंगाच्या पुड्या वापरतात. जुनी रीत कांद्याच्या टरफलांची. डझनभर कांद्यांची सुकी टरफले लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळून गाळावीत, पाणी निवले की त्यात दोन चमचे व्हिनेगर आणि पांढऱ्या सालीची अंडी सोडून मंद आचेवर शिजवावीत. व्हिनेगर साल किंचित कोरते, त्यामुळे रंग धरतो. याने शेंदरी लाल नव्हे, विटकरी लाल रंग येतो. लाल रंग ख्रिस्ताच्या रक्ताचा मानतात. पहिले रंगवलेले अंडे कित्येक घरांत देवघरातील प्रतिमेजवळ वर्षभर ठेवतात.

वेणीच्या एका टोकाशी अंडे दाबून बसवावे आणि सैल झाकून पीठ दुसऱ्यांदा फुगू द्यावे. फ्रीजमधून काढलेल्या पिठाला इथल्या हवेत दीड-दोन तास लागतात. बोटाने हळूच दाबल्यावर खळगा सावकाश, अर्धवट भरून आला की भट्टीची वेळ झाली. झटकन भरला तर अजून थांबावे; भरलाच नाही तर उशीर झाला आहे. बलक आणि दूध एकत्र करून ब्रशने दोनदा लावावे, तीळ किंवा बदाम पेरावेत आणि १६५ ते १७० अंशांच्या ओव्हनमध्ये पंचवीस ते तीस मिनिटे भाजावे. साखरेमुळे वरची बाजू लवकर काळवंडते. पंधरा मिनिटांनी गडद तांबूस रंग आला की वर कागद किंवा फॉइल आडवे टाकावे. रंग पाहून पाव बाहेर काढणाऱ्यांच्या पावात मध्यभागी, पेड जिथे एकमेकांवर चढतात तिथे, कच्चे पीठ सापडते. अन्नाचे तापमान मोजण्याची काडी घरात असेल तर आत ८८ ते ९० अंश ही खूण खरी.

गरम त्सुरेकी कापू नये. आतली वाफ निघून धागे स्थिर व्हायला किमान दोन तास लागतात, आणि ग्रीक घरांतून तर उपवासामुळे तिला दोन दिवसांची सक्तीची विश्रांती मिळतेच. दुसऱ्या दिवशी तिची चव अधिक उतरते हा अनुभव सार्वत्रिक आहे. थंड झाल्यावर घट्ट गुंडाळून ठेवल्यास ग्रीसमध्ये ती चार-पाच दिवस टिकते. गोव्याच्या दमट हवेत दोन दिवसांवर बाहेर ठेवू नये. तुकडे करून फ्रीजरमध्ये ठेवावेत आणि लागतील तसे तव्यावर मंद भाजावेत. वेणीत बसवलेले अंडे मात्र इथे शोभेचेच समजावे. तासन् तास उकाड्यात राहिलेले ते अंडे मुलांच्या हाती खाण्यासाठी देऊ नये. आपटण्याच्या खेळासाठी वेगळी अंडी रंगवून फ्रीजमध्ये ठेवलेली बरी.